जमीन न सोडणारी गाडी

दोह्यात अल थुमामाला आमच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की नातीला त्यांच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. ती मला वाचून दाखवते. मी हूं म्हणतो, मान वर करत नाही. घरात सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याची मान आखडलीय. वाटू दे.

मला विमानाची भीती वाटते. हे मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि आता ती नाहीच. तरुणपणी अशी भीती नव्हती. मी रत्नागिरीकडचा. चौथीनंतर शाळा सोडली, वडिलांबरोबर गलबतावर गेलो, मग इकडे आलो आणि सगळी उमर अल रुवैसच्या बंदरात मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तरी माझ्या पोटातलं पाणी हलायचं नाही. मग एकदा गावाहून परत येताना विमान दोह्यात उतरायला आलं. खाली दिव्यांची रांग दिसली, चाकं आता टेकणार, आणि एकाएकी इंजिनं ओरडली नि ते नाक वर करून पुन्हा आभाळात गेलं. का गेलं, कोणी सांगितलं नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "पायलटचं काहीतरी वर राहिलं असेल." मी हसलो. पण माझी बोटं खुर्चीच्या दांड्यावरून सुटेनात, ती घरी जाऊन कोमट पाण्यात धरावी लागली.

त्यानंतरही मी विमानात बसलो. बसत नाही म्हणून सांगतो कोणाला? प्रत्येक वेळी कलमा म्हणत गेलो आणि उतरल्यावर सगळ्यांत आधी ताठ चालत बाहेर आलो.

माझी मुलगी फ्रान्समध्ये बोर्दो म्हणून शहर आहे, तिथे असते. जावई जहाजावर कामाला, एकदा गेला की दोन-दोन महिने समुद्रावर. पोरगी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमची रीत, म्हणून तिला दोह्याला आणायचं ठरलं होतं. सुनेनं मागची खोली रंगवूनही घेतली. आणि मग तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, वार खाली आहे, बाळाच्या वाटेत. कधीही रक्त जाऊ शकतं. विमान बंद, जिने चढणं बंद, पडून राहायचं.

त्या दिवशी जेवण कोणाला गेलं नाही. सून म्हणाली, "मुलगी माहेरी येत नसेल तर माहेर तिच्याकडे जाईल. एवढं काय."

बोलायला सोपं होतं. पण माहेर म्हणजे कोण? बायको गावच्या कब्रस्तानात. सुनेची नोकरी, नातीची परीक्षा. मुलाला रजा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मुलीनं फोन केला. "अब्बा, तुम्ही काही करू नका हो. स्वयंपाक नको, काही नको. नुसते घरात असा. रक्त जायला लागलं तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना दार उघडायला कोणीतरी हवं."

मी म्हटलं, "येतो." ती रडली. मी फोन सुनेकडे दिला आणि मोरीत जाऊन उगीच हात धूत राहिलो.

मुलाचं ऑफिसचं काम नेमकं पॅरिसला निघालं. तो म्हणाला, "पॅरिसपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. तिथून बोर्दो म्हणजे तासाभराचं विमान. मी व्हीलचेअर सांगून ठेवतो."

आपल्या लोकांची ही एक तऱ्हा आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्या म्हाताऱ्याला विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवतात. पाय धडधाकट असतात, पण खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर दारापर्यंत नेतो, चुकायची भानगड नाही. मुंबईच्या विमानासमोर अशा खुर्च्यांची रांग लागते, आणि विमान उतरलं की त्यातले निम्मे उठून तुरुतुरु चालायला लागतात. मला ती रांग बघून लाज वाटते.

मी म्हटलं, "माझे पाय तुटलेत का?"

"अब्बा, पायाचा प्रश्न नाही. तिथे फ्रेंच बोलतात."

"मग गठ्ठ्यासारखा ढकलत नेणार काय मला? मी रेल्वेनं जाईन. फ्रान्सात रेल्वे नाही काय?"

खरं सांगायचं तर मला एकाच दिवसात दोनदा विमानात बसायचं नव्हतं. एक कसंबसं निभावलं असतं. पण खुर्चीचा राग मला आयता सापडला आणि मी तो धरून बसलो.

नात माझ्या बाजूनं झाली. ती मला दादा म्हणते, मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. टॅबलेटवर काय काय बघून म्हणाली, "दादा इज राइट, पापा. ट्रेन इज फास्टर. डोअर टू डोअर." तिनं बोटानं दाखवलं. विमान तासाभराचं, पण विमानतळावर आधी जाऊन बसा, सामान द्या, पट्टा काढा, बूट काढा, उतरल्यावर सामानाची वाट बघा, मग शहर दूर. रेल्वे दोन तासांवर थोडी, पण शहराच्या मधून निघते, शहराच्या मधे सोडते. "अँड लेस कार्बन," ती म्हणाली.

"कार्बन मी जन्मभर खरवडलाय," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस."

सून हसली. मुलगा हसला नाही. "आणि डबा चुकला तर? गाडीतच राहिलात तर? विमानात निदान कोणाच्या तरी ताब्यात असता."

"मी कोणाच्या ताब्यात राहिलेलो नाही. खलास. विषय संपला."

तिकीट रेल्वेचं निघालं.

सूक वाकिफच्या बाजारात माझा एक जुना दोस्त आहे, चिपळूणकडचा, मसाल्याच्या दुकानात बसतो. त्याच्याकडे चहा प्यायला गेलो आणि मोठ्या ऐटीत सांगितलं की मी फ्रान्समध्ये रेल्वेनं फिरणार. तो हळदीचं पोतं बांधत होता. म्हणाला, "माझा भाचा बसलाय त्या गाडीत. विमान उडताना धावतं ना, तेवढ्या वेगानं जाते म्हणे ती."

"उडताना म्हणजे?"

"अरे बावा, विमान जमीन सोडतं तेव्हा ज्या वेगात असतं, त्याहून जास्त. फरक एवढाच, ही सोडत नाही. रुळावरच राहते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "काय रे, चहा गार झाला तुझा."

"साखर जास्त टाकलीस."

"रोज एवढीच टाकतो मेल्या. भ्यालास काय?"

"तुझ्यासारखा नाही मी," म्हटलं आणि उठलो.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. विमान जमीन सोडण्याआधीची ती धाव मला ठाऊक होती. पाठ खुर्चीला चिकटते, सगळं थरथरतं, आणि मनात एकच, आता सोड रे बाबा जमीन, सोड एकदाची. आणि ही गाडी ती सोडणारच नाही. दोन तास तशीच धावणार. मध्ये एखादी गाय आली तर? मुलाला जाऊन सांगितलं असतं की विमानाचं तिकीट काढ, तर त्यानं काढलं असतं. पण मी विषय संपवला होता, सगळ्यांसमोर. तोंडातून गेलेला शब्द मी गिळत नाही. वाईट खोड आहे, पण आता या वयात काय बदलणार?

दुपारी पडलो की वर विमानाचा आवाज यायचा आणि मी मुलीच्या घराचं दार डोळ्यांसमोर आणायचो. मी ते दार कधी बघितलं नव्हतं. ते मला बंदच दिसायचं.

नातीनं मला तालीम म्हणून मेट्रोत नेलं. दोह्याची मेट्रो बिनड्रायव्हरची आहे, हे तिनं मला आत गेल्यावर सांगितलं. पुढच्या काचेतून काळा बोगदा अंगावर येत होता आणि चालवायला कोणी नाही. मी दांडा धरून उभा राहिलो.

"दादा, सिट डाऊन. यू आर स्वेटिंग."

"उकडतंय."

"एसी चालू आहे," ती चक्क मराठीत म्हणाली. मग दांड्यावर माझ्या हाताच्या खाली तिनं आपला हात धरला. घरी गेल्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. पोरगी शहाणी आहे.

निघायच्या दिवशी सुनेनं डिंकाचे लाडू, अळीव, खारीक अशी बाळंतिणीची बॅग भरून दिली. दोह्याहून पॅरिसपर्यंतचं विमान मी कसं काढलं ते लिहीत नाही. मुलगा शेजारी घोरत होता आणि विमान हललं की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, की हा झोपलाय म्हणजे ठीक असेल.

पॅरिसचं स्टेशन स्वच्छ, गार आणि कोणी कोणाशी बोलत नाही असं. मुलाची मीटिंग दुपारी होती. फलाटाच्या फाटकावर तिकीट दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, पण तिथल्या बाईनं माझं वय बघून आणि दोन बॅगा बघून त्यालाही आत सोडलं. गाडी उभी होती. लांबच लांब, नाक विमानासारखं. मला वाटलं यापेक्षा विमान बरं, ते निदान उडतं.

डबा सापडला, खुर्ची सापडली. मुलानं बॅगा वर टाकल्या. म्हणाला, "बसा. शेवटचं स्टेशन तुमचं, त्यामुळे चुकायचं काही नाही. तिची शेजारीण घ्यायला येईल, फोटो दाखवलाय तिला तुमचा. मी निघतो."

"बस की जरा. अजून वेळ आहे."

"अब्बा, उतरायला हवं."

"गाडी हलली की उतर. शिट्टी होईल ना." मी सुनेनं दिलेला लाडवांचा डबा उघडला. "एक लाडू खा. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."

आपल्याकडे पोचवायला आलेला माणूस असाच बसतो. गाडी सुटेपर्यंत डब्यात बसायचं, पाण्याची बाटली भरून द्यायची, जपून जा म्हणायचं, गाडी हलली की दांडा धरून उतरायचं नि फलाटावरून चार पावलं बरोबर चालायचं. तसं केलं नाही तर पोचवलं काय? मुलगा काठावर बसला, लाडू तोंडात टाकला. मी काही विचारत राहिलो, ती शेजारीण कशी आहे, हॉस्पिटल किती लांब. त्याचं मनगट माझ्या हातात होतं. मला बोलणं संपवायचं नव्हतं.

शिट्टी झाली नाही. दार बंद झाल्याचंही मला ऐकू आलं नाही. मुलगा एकदम उठून दाराकडे धावला. मी काचेतून बघतो तर फलाट मागे चाललेला, इतका हळू आणि बिनआवाजाचा की आधी वाटलं फलाटच सरकतोय.

तो परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं होतं. "दोन मिनिटं आधीच दारं लॉक होतात. आता मध्ये कुठे थांबत नाही. थेट बोर्दो."

"साखळी असेल ना?"

"अब्बा, हे रत्नागिरी स्टेशन नाही." तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं. माझ्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि ऑफिसला फोन लावला. तो बराच वेळ सॉरी म्हणत होता. इतक्या वेळा सॉरी म्हणताना मी त्याला लहानपणीही ऐकलं नव्हतं.

मी लाडवांचा डबा बंद केला. आणि मनात, अल्ला माफ करो, मला सुटल्यासारखं झालं होतं, की मी एकटा नाही.

शहर संपलं आणि गाडीनं वेग घेतला. दोस्त बोलला ते खरं होतं. जवळचे खांब दिसेचनात, नुसती एक करडी रेघ. पण थरथर नाही, खडखड नाही. मुलाच्या पाण्याच्या ग्लासात पाणी हलत नव्हतं. मी इंजिनाच्या आवाजावर पोट भरलेला माणूस. आवाज ऐकला की मला कळतं, हे ठीक आहे, याचं काही दुखतंय. या गाडीचा आवाजच नव्हता. जे बोलत नाही त्याचं दुखणं कळणार कसं? समोरून दुसरी गाडी आली आणि धाडकन काचेवर थप्पड बसल्यासारखी निघून गेली. मी डोळे मिटले. माझे ओठ हलत होते बहुतेक, कारण मुलगा म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. पढतोय."

त्यानं फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला भीती वाटतेय?"

मी उत्तर द्यायच्या आत त्याचा फोन वाजला. बहिणीचा होता. त्यानं दोनदा "कधीपासून?" विचारलं आणि उभा राहिला. फोन ठेवल्यावर त्याला माझ्याकडे बघवेना.

"रक्त जायला लागलं. ॲम्ब्युलन्समधून बोलत होती. तिनंच बोलावली."

"दार कोणी उघडलं?"

"तिनंच. फोन करून आधी दारापर्यंत गेली, कडी काढून तिथेच खाली बसली."

यापुढे मला वेगाचं काही वाटेना असं झालं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. दोन्ही भीती एकमेकींवर चढल्या. वाटायचं ही गाडी उलटणार आणि आम्ही दोघंही पोचणार नाही, तिचं कोणीच उरणार नाही. आणि मग गाडी हळू व्हायला लागली. खांब दिसायला लागले, मग शेताच्या कडेची झुडपं, मग झुडपांची पानं. द्राक्षांच्या मळ्यांमध्ये ती उभी राहिली.

वर कोणीतरी फ्रेंचमध्ये काही सांगितलं. लोकांनी सुस्कारे सोडले आणि पुन्हा आपापल्या पुस्तकात गेले. मुलानं पलीकडच्या माणसाला विचारलं. रुळावर पुढे काही बिघाड आहे, दुरुस्त होईतो थांबायचं.

"किती वेळ?"

"त्याला काय माहीत, अब्बा."

बाहेर एक माणूस द्राक्षाच्या वेली छाटत होता. त्यानं गाडीकडे एकदा बघितलं आणि परत कामाला लागला. तो एक ओळ संपवून दुसऱ्या ओळीला लागला तरी आम्ही तिथेच. मुलगा हॉस्पिटलला फोन लावत होता, कोणी उचललं तर फ्रेंचमध्ये बोलत होतं. मध्येच त्यानं फोनवर काही बघितलं आणि पालथा ठेवला.

"काय बघितलंस?"

"काही नाही."

"बोल."

"ते विमान. तुमचं तिकीट ज्याचं काढणार होतो ते. उतरलं आत्ता."

मी म्हटलं, "असल्या गोष्टी बघत जाऊ नकोस." मुलानं डब्यातला अर्धा राहिलेला लाडू कागदात बांधला, सोडला, परत बांधला.

गाडी पुन्हा चालली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनवर शेजारीण आली होती, मोरोक्कोची बाई, डोक्याला रुमाल. तिनं आम्हाला सलाम केला आणि अरबीत म्हणाली की मुलगी जिवंत आहे, बाळ जिवंत आहे, चला. तिच्या मोटारीत बसेपर्यंत मी तेवढे शब्द पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितले, नीट ऐकलं ना म्हणून.

ऑपरेशन होऊन गेलं होतं. मुलगी शुद्धीवर यायची होती. नर्सनं आधी बाळाकडे नेलं. माझे हात कोपरापर्यंत धुवायला लावले, नमाजाआधी वुजू केल्यासारखे. नातू होता. काचेच्या पेटीत ठेवलेला, नाकात नळी, पाय माझ्या अंगठ्याएवढे. आज तो फोनवर मला बघून किंचाळतो आणि पडदा चाटतो. पण त्या दिवशी त्याच्या छातीचा पापुद्रा वरखाली होत होता आणि दर वेळी खाली गेला की मला वाटायचं, आता वर येणार नाही.

बाळाच्या कानात पहिली अजान बापानं म्हणायची, पण जावई समुद्रावर. मी मुलाला म्हटलं, "अजान तू म्हण याच्या कानात. तू मामा आहेस."

"तुम्हीच म्हणा."

नर्सनं पेटीच्या बाजूची गोल खिडकी उघडून दिली. मी वाकलो. रुवैसच्या बंदरात वाऱ्यावर मी अजान दिलेली आहे, पार लाँचीपर्यंत ऐकू जाईल अशी. इथे आवाज निघेना. मोठ्यानं म्हटलं तर तो दचकेल, आणि दचकला तर तो पापुद्रा थांबेल. शेवटी नुसत्या श्वासानं म्हटलं. एक ओळ विसरलो. मुलानं मागून सांगितली.

मुलगी संध्याकाळी जागी झाली. ओठ सुकलेले, पण ओळखलं. "आलात अब्बा? कशानं आलात?"

"रेल्वेनं."

"उशीर झाला."

"झाला."

"भाईजान सांगत होता ना विमानानं या म्हणून."

"पुढच्या खेपेला विमानानं येईन. खुर्चीत बसून येईन."

ती हसायला गेली आणि पोट धरून कळवळली. "हसवू नका हो, टाके आहेत. आणि पुढची खेप कुठली? आधी हा तरी घरी येऊ दे."

मी गंमत केली नव्हती. मुलगा म्हणाला, "चला, बाळाकडे एकदा जाऊन येऊ." मी हो म्हटलं, खुर्चीचे हात धरले, आणि बोटं सुटेनात म्हणून बराच वेळ तसाच बसून राहिलो.